ईश्वर आहे की नाही: हा वाद नेमका कुठे अडतो?

हेतुमान (धागाकर्ता)

आस्तिक-नास्तिक वाद शेकडो प्रतिसाद चालतो आणि शेवटी जो तो आपापल्या जागीच असतो. माझ्या मते याचं मुख्य कारण असं की ‘देव आहे’ या दोन शब्दांखाली किमान चार वेगळी विधानं दडलेली असतात, आणि बोलणारा एकावरून दुसऱ्यावर कधी सरकला हे त्याचं त्यालाही कळत नाही. ती चार आधी सुटी करून ठेवतो.

पहिलं: जगाला कोणी जाणीव असलेला कर्ता आहे. दुसरं: तो प्रार्थना ऐकून घटनांचा ओघ बदलतो. तिसरं: अमुक ग्रंथ किंवा अमुक वचन त्याच्याकडून आलेलं आहे. चौथं: श्रद्धेने माणसाचं भलं होतं.

ही एकमेकांवर उभी नाहीत. अठराव्या शतकातले कित्येक युरोपीय विचारवंत पहिलं मानत आणि दुसरं-तिसरं साफ नाकारत. चौथं खरं निघालं तरी त्यावरून पहिल्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण चुकीच्या समजुतीनेही धीर येऊ शकतो. तरीही वादात हमखास काय होतं? आस्तिक पहिल्याचा बचाव करतो आणि तिसरं सिद्ध झालं असं समजून उठतो. नास्तिक तिसऱ्यातली एक विसंगती दाखवतो आणि पहिलं कोसळलं असं जाहीर करतो. दोघांची चूक एकाच जातीची आहे.

म्हणून विनंती: प्रतिसाद लिहिताना आपण कोणत्या विधानाबद्दल बोलतो आहोत त्याचा क्रमांक आधी लिहा. आणि ते विधान चूक आहे असं मानायला आपल्याला काय दिसावं लागेल, हेही एका वाक्यात लिहा. दुसरी अट जास्त कामाची आहे. जिथे ते वाक्य लिहिताच येत नाही, तिथे पुराव्यांची देवाणघेवाण करून हाती काही लागत नाही.

अनुष्टुभ

मांडणी पटली. त्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा.

‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा हा आजचा अर्थ. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) या सूत्रावरून आस्तिक, नास्तिक, दैष्टिक (नियती मानणारा) हे शब्द साधतात, पण काय ‘आहे’ आणि काय ‘नाही’ हे सूत्रात सांगितलेलं नाही, टीकाकार तिथे परलोक घेतात. मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ म्हणजे वेदांचं प्रामाण्य नाकारणारा. या अर्थाने पूर्वमीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे अनुयायी, कट्टर आस्तिक ठरतात, आणि सृष्टिकर्ता ईश्वर मात्र ते मानत नाहीत. त्यांच्यातल्या कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात विचारलेले प्रश्न आजचा कोणताही नास्तिक उचलू शकेल: सृष्टीपूर्वी काहीच नव्हतं तर कर्त्याला शरीर कुठून आलं, शरीर नसेल तर त्याने काम कसं केलं, आणि कोणतं प्रयोजन साधायचं म्हणून केलं? हेतुमान यांच्या यादीत मीमांसक पहिल्याला ‘नाही’ म्हणतात आणि वेद प्रमाण मानतात, तेही वेदांना कोणी कर्ता नाही म्हणून. म्हणजे तिसरं विधानही ते त्या शब्दांत स्वीकारणार नाहीत. आधुनिक ‘आस्तिक विरुद्ध नास्तिक’ या दोन कप्प्यांत ही भूमिका बसतच नाही.

अज्ञेयवादाचंही (ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही या भूमिकेचंही) तसंच. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ हक्सलेने १८६९ मध्ये तो इंग्रजी शब्द घडवला तो ज्ञानाच्या मर्यादेबद्दल. ‘विश्वास आहे का’ आणि ‘माहीत आहे का’ हे दोन प्रश्न आहेत. विश्वास नाही आणि ठामपणे माहीत असल्याचा दावाही नाही, असा माणूस एकाच वेळी नास्तिक आणि अज्ञेयवादी असू शकतो.

आणखी एक. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व कळावं म्हणून वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडणं ती वितंडा. नास्तिकांवर वितंडेचा आरोप वारंवार होतो. ‘ईश्वर आहे हे सिद्ध झालेलं नाही’ एवढंच म्हणणाऱ्यावर तो लावणं मला योग्य वाटत नाही, कारण त्याचा पक्ष तेवढाच आहे. ‘ईश्वर नाहीच’ म्हणणाऱ्याला मात्र स्वतःचा हेतू, म्हणजे आधारभूत कारण, द्यावा लागेल.

नीरक्षीर

विधान २. चारांपैकी सरळ तपासता येण्यासारखं हेच आहे, आणि ते तपासलंही गेलं आहे. तरी वादात त्या अभ्यासांची फक्त नावं फेकली जातात, म्हणून तपशील देतो.

१९८८ मध्ये बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयातल्या हृदयरोग अतिदक्षता विभागात ३९३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रकाशित झाला. प्रार्थना केलेल्या गटात काही गुंतागुंती कमी दिसल्या आणि हा निष्कर्ष जगभर गाजला. दोष मोजमापात होता. एकूण दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या आणि त्यांतल्या मोजक्याच गोष्टींत फरक आला. मृत्यू आणि विभागात काढलेले दिवस यांत आला नाही. सांख्यिकीची नेहमीची पाच टक्क्यांची मर्यादा (परिणाम नसताना योगायोगाने तो दिसण्याची शक्यता) धरून एकमेकींशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या, तर प्रत्यक्षात काहीच परिणाम नसतानाही किमान एका ठिकाणी ‘परिणाम’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते (१ वजा ०.९५ चा विसावा घात). गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतील तर आकडा बदलतो, धोका तोच राहतो.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेला बेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास हा दोष टाळून आखलेला होता. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, तीन गट. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोन्ही गटांना ‘तुमच्यासाठी होईल किंवा होणार नाही’ एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्यासाठी झाली आणि नक्की होणार हे त्यांना सांगितलंही होतं. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस प्रार्थना. काय मोजायचं ते आधीच ठरलेलं होतं: ३० दिवसांत कोणतीही गुंतागुंत झाली का. निकाल: पहिला गट ५२ टक्के, दुसरा ५१ टक्के, तिसरा ५९ टक्के. प्रार्थना झाल्याने फरक पडला नाही. ती होते आहे हे माहीत असलेल्यांना त्रास थोडा जास्त झाला. ‘मी इतका गंभीर आहे का’ या धास्तीने तसं झालं असावं हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही.

असा अभ्यास कोणी नव्याने आखणार असेल तर रुग्णसंख्येचं गणित आधी करा. गुंतागुंत ५० टक्क्यांवरून ४० वर येते का हे ८० टक्के खात्रीने पकडायचं तर प्रत्येक गटात साधारण ३८५ रुग्ण लागतात. ५० वरून ४५ वर येते का हे पकडायला साधारण १५६०. फरक निम्मा, रुग्ण चौपट. पन्नास-साठ जणांवरचा निकाल कोणत्याही बाजूने आला तरी त्यावर काही उभारू नका.

दीपशिखा

मी श्रद्धावान आहे आणि नीरक्षीर यांचे आकडे मला मान्य आहेत. पण या प्रयोगाने नेमकं काय मोजलं?

एक, दुसऱ्या गटासाठी ‘प्रार्थना नाही’ असं लिहिणं चूक आहे. बायपासला निघालेल्या माणसाचे आप्त घरी प्रार्थना करतातच आणि तो स्वतःही करतो. मोजली गेली ती अनोळखी व्यक्तींची जादाची प्रार्थना. दोन, हे गृहीत धरलं गेलं की ईश्वर चिठ्ठी टाकून निवडलेल्यांनाच कौल देईल. औषधाचा रेणू कोणाच्या पोटात जातोय हे पाहत नाही, ईश्वर पाहतो. पाहत नसेल तर तो ईश्वर कसला? स्वतंत्र इच्छा असलेल्या कर्त्यावर ही पद्धत लावताना तो प्रयोगात सहभागी होईल हेही गृहीत धरावं लागतं. तीन, प्रार्थना म्हणजे मागणी हेच समीकरण मला मान्य नाही. ‘तुझी इच्छा तीच माझी होवो’ या प्रार्थनेला ३० दिवसांतली गुंतागुंत हे माप लागूच होत नाही.

नीरक्षीर

दीपशिखा, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. निष्कर्ष ‘अनोळखी व्यक्तींच्या जादा प्रार्थनेचा परिणाम दिसला नाही’ इतकाच लिहायला हवा. तिसराही मान्य, पण मग तुम्ही विधान २ सोडून दिलं आहे हे नोंदवून ठेवा.

दुसऱ्या मुद्द्यावर अडचण आहे. निकाल अनुकूल आला असता तर तो पुरावा म्हणून धरला असता, आणि प्रतिकूल आल्यावर ‘ईश्वर प्रयोगात उतरत नाही’ म्हणायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. १९८८ चा निकाल याच कारणाने नाकारणारे श्रद्धावान मला आदरणीय वाटतात.

हाच नियम माझ्या बाजूलाही लागू आहे. २००१ मध्ये लायबोविची यांनी रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या ३३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदी घेतल्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. रुग्ण १९९० ते १९९६ मधले, प्रार्थना २००० मधली. सगळे केव्हाच बरे होऊन गेलेले किंवा वारलेले. तरीही प्रार्थनेच्या गटात ताप आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला, आणि तो फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरलाही. लेखकाला दाखवायचं होतं ते हेच: कार्यकारण कसं घडेल याची काहीच कल्पना नसताना चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोगसुद्धा फसवतो. म्हणजे ‘प्रयोगात दिसलं’ एवढ्याने आस्तिकाचं काम होत नाही, आणि ‘प्रयोगात दिसलं नाही’ एवढ्याने माझंही पूर्ण होत नाही.

मृदा

विधान १. या विषयावरचं सगळ्यात काटेकोर भांडण आपल्याकडेच झालं आहे, ते इथे यायला हवं.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचं, अनुमान पाच अवयवांत असं. प्रतिज्ञा: पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या गोष्टी, आहेत. उदाहरण: जे जे कार्य ते ते कर्त्याने केलेलं, जसा घट. उपनय: पृथ्वीही तशीच कार्य आहे. निगमन: म्हणून तिलाही कर्ता आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी जे हेतू दिले त्यांत हा पहिला.

याला दोन ठिकाणी घाव बसतो. बौद्ध तर्कशास्त्री धर्मकीर्तींचा आक्षेप असा: मातीचा घट कुंभाराने केला म्हणून मातीचं जे जे काही असेल ते कुंभाराने केलं असं म्हणाल तर वारूळही कुंभाराचंच ठरेल. ‘कार्य’ हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे, वस्तू सारखी नाही. घट पाहून कुंभार आठवतो, कारण घट आणि कुंभार यांचा संबंध आपण आधी पाहिला आहे. पृथ्वी घडताना कोणी पाहिली?

दुसरा घाव उपाधीचा, म्हणजे अनुमानात न सांगता दडलेल्या जादा अटीचा. जिथे जिथे कर्ता दिसतो तिथे तिथे तो शरीरधारी असतो. म्हणजे घटात ‘शरीरधाऱ्याने केलेला असणं’ हा जादा गुण आहे आणि कर्ता त्या गुणाबरोबर येतो. नुसत्या कार्य असण्याबरोबर येतो असं दिसलेलं नाही. पृथ्वीत तो गुण नाही. ‘जिथे आग तिथे धूर’ यात ओलं सरपण दडलेलं असतं तसंच हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो.

सूक्ष्म समायोजनाचा आजचा युक्तिवाद, म्हणजे विश्वाचे स्थिरांक जीवसृष्टीला इतके नेमके जुळतात म्हणून कोणीतरी ते जुळवले असणार, हाही मला याच साच्यातला वाटतो. जुळवलेली यंत्रं आपण पाहिली आहेत, जुळवलेली विश्वं पाहिलेली नाहीत. आपल्यासमोर एकच विश्व आहे, त्यामुळे स्थिरांकांच्या किती संभाव्य किमतींतून ही निवड झाली हे छेदस्थानी लिहायलाच आकडा नाही.

अनुष्टुभ

मृदा, नैयायिकांचं उत्तरही द्या, नाहीतर एकच बाजू वाचली जाईल. उलट अनुमान असं केलं जातं: ‘पृथ्वीला कर्ता नाही, कारण ती शरीरापासून उत्पन्न झालेली नाही’. त्यावर नैयायिक म्हणतो, यात ‘शरीर’ हे विशेषण व्यर्थ आहे. कर्ता नसण्याला ‘उत्पन्न न होणं’ एवढंच पुरेसं आहे, जसं त्यांच्या मते नित्य असलेल्या आकाशाचं. आणि पृथ्वी उत्पन्न होते हे तर तुम्हीही मानता, मग हेतू उरला कुठे? शिवाय कर्तृत्वाचं मर्म ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न यांत आहे. शरीर हे कुंभाराचं साधन आहे, त्याच्या कर्तेपणाची व्याख्या नव्हे.

मला हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही, कारण ज्ञान-इच्छा-प्रयत्नही आपण शरीराशिवाय कुठे पाहिलेले नाहीत. पण ‘मग देवाला कोणी केलं?’ एवढं विचारून हे अनुमान उडत नाही. हेतू ‘कार्य असणं’ हा आहे, ‘असणं’ हा नाही. जो ईश्वर नित्य मानला आहे त्याला हेतूच लागू होत नाही. नास्तिकांनी हा एक प्रश्न वापरणं सोडावं असं मला मनापासून वाटतं.

संख्याशोधक

चमत्कारांच्या साक्षीबद्दल, म्हणजे विधान २ आणि ३ दोन्हींसाठी. तत्त्वज्ञ ह्यूमचं १७४८ मधलं म्हणणं असं की चमत्कार घडण्यापेक्षा साक्षीदार चुकण्याची शक्यता नेहमी जास्त असते. आकडे घालून पाहू.

समजा एखादी घटना घडण्याची पूर्वशक्यता लाखात एक आहे. साक्षीदार १०० पैकी ९९ वेळा बरोबर असतो. त्याने ‘घडलं’ म्हटलं तर खरंच घडल्याची शक्यता साधारण हजारात एक. इथे ह्यूम बरोबर. आता तितकेच विश्वासार्ह दोन साक्षीदार घ्या: सुमारे ९ टक्के. तीन घ्या: सुमारे ९१ टक्के. म्हणजे पुरेसे साक्षीदार असतील तर लाखात एक असलेली घटनाही मानावी लागते. गणितज्ञ बॅबेजने १८३७ मध्ये ह्यूमविरुद्ध हाच मुद्दा मांडला होता, आणि गणित म्हणून तो बिनतोड आहे.

अडचण ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. हे आकडे साक्षीदार एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील तरच. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकून सांगितलं असेल तर तो जवळजवळ काहीच भर घालत नाही. स्वातंत्र्य तपासायला हस्तलिखितांच्या अभ्यासकांची युक्ती वापरावी: सारखी माहिती नको, सारख्या चुका शोधा. दोन वृत्तांतांत एकच वावगा शब्द किंवा एकच चुकीचं स्थळनाम असेल तर दोन्हींचा उगम एक. मग घटना आणि पहिली नोंद यांत किती काळ गेला ते पाहा, आणि साक्षी कोणी गोळा केल्या, न जुळणाऱ्या साक्षी त्याने जपल्या की टाकल्या, तेही पाहा.

याचं व्यवस्थित चाललेलं उदाहरण म्हणजे फ्रान्समधलं लूर्द. तिथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. रोग गंभीर असावा, निदान पक्कं असावं, उपचारांनी बरं होण्यासारखं नसावं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ असावं, अशा कसोट्या लावतात. सात हजारांवर दावे नोंदले गेले आणि २०१८ मध्ये मान्य झालेला चमत्कार ७०वा होता. लक्षात घेण्यासारखं हे की डॉक्टर फक्त ‘आजच्या ज्ञानाने उलगडा होत नाही’ एवढंच सांगतात. चमत्कार जाहीर करतो तो बिशप. वाद या दोन पायऱ्यांच्या मधे आहे. पहिली पायरी प्रामाणिकपणे चढली तरी दुसरी आपोआप येत नाही, कारण आपोआप बरे होणारे रुग्ण तिथे न गेलेल्यांतही असतात आणि त्यांची अशी नोंद कोणी ठेवत नाही.

मृदा

हेतुमान, यादीत पाचवं विधान राहिलं: तो कर्ता सर्वशक्तिमान आणि दयाळू आहे. बहुतेकांची श्रद्धा पहिल्यापेक्षा याच्यावर जास्त टेकलेली असते, आणि दुःखाचा प्रश्न यालाच लागतो. नुसत्या कर्त्याला तो लागत नाही.

तत्त्वज्ञ रो यांनी १९७९ मध्ये दिलेलं उदाहरण: वीज पडून वणवा लागतो, त्यात एक पाडस भाजतं आणि काही दिवस तडफडून मरतं. कोणी पाहत नाही, कोणी शिकत नाही, कोणाच्या स्वेच्छेचा संबंध नाही. ‘दुःखातून माणूस घडतो’ हे उत्तर इथे चालत नाही. ‘ईश्वराची कारणं आपल्याला कळत नाहीत’ हे चालतं, पण महागात पडतं: त्याची कारणं इतकी अगम्य असतील तर त्याने दिलेलं वचन तो पाळेल हेही आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. पाचवं वाचवताना तिसरं हातचं जातं.

दीपशिखा

यावर वेदान्ताच्या मूळ ग्रंथाचं, ब्रह्मसूत्राचं, उत्तर वेगळं आहे: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ (२.१.३४). ईश्वरावर पक्षपात आणि क्रूरपणा यांचा दोष येत नाही, कारण तो जीवांच्या कर्मांवर अवलंबून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांना सारखा. साळ आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. पहिलं कर्म कुठून आलं, याला पुढचं सूत्र उत्तर देतं की संसार अनादी आहे.

मृदा हे दाखवतील की असा ईश्वर कर्माच्या नियमाने बांधला गेला, म्हणजे पाचव्या विधानातला ‘सर्वशक्तिमान’ तेवढा सैल झाला. तो सैल झाला हे मी मान्य करते, आणि तसाच ईश्वर मला मान्य आहे. पाडसाच्या पूर्वकर्माचा पुरावा मागाल तर तो मात्र माझ्याकडे नाही. इथे मी शास्त्राच्या प्रामाण्यावर, म्हणजे विधान ३ वर उभी आहे.

नीरक्षीर

विधान ४ बद्दल थोडक्यात, कारण आकडे सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. ‘धार्मिक लोक जास्त जगतात’ अशा अभ्यासांत बहुधा उपासनेला नियमित जाणं मोजलेलं असतं, श्रद्धा नव्हे. आजारी माणूस घराबाहेर पडू शकत नाही, त्यामुळे जाणाऱ्यांचा गट आधीच निरोगी निवडला जातो. धूम्रपान, दारू आणि माणसांची सोबत हे घटक वेगळे काढल्याशिवाय श्रेय कोणाचं ते ठरत नाही. न मानता जाणारे आणि मानून न जाणारे, हे दोन गट वेगळे मोजलेत का ते आधी पाहा.

नास्तिकांच्या संख्येतही हाच घोळ. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१२ च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या प्रौढांनी कोणताही धर्म सांगितला नाही, पण त्यांतले ६८ टक्के देव मानणारे होते. त्यांना नास्तिकांत धरणं सरळ चूक. उलट बाजूने, तोंडावर विचारलं तर लोक लपवतात. त्यावर उपाय म्हणून एका गटाला काही निरुपद्रवी वाक्यांची यादी देतात, दुसऱ्याला तीच यादी अधिक ‘मी देव मानत नाही’ हे वाक्य. कोणती वाक्यं लागू ते सांगायचं नाही, किती लागू एवढाच आकडा सांगायचा. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे न मानणाऱ्यांचं प्रमाण. २०१८ मध्ये गर्व्हे आणि नाजल यांनी असा अमेरिकेचा अंदाज २६ टक्क्यांच्या आसपास काढला. थेट विचारल्यावर येणाऱ्या आकड्याच्या तो कितीतरी वर आहे. पण दोन सरासऱ्यांच्या वजाबाकीत दोन्हींची त्रुटी एकत्र येते, म्हणून हजारो उत्तरं लागतात आणि तरी अंदाजाचा पट्टा रुंद राहतो. २६ हा आकडा एकटा उद्धृत करू नका.

हेतुमान

मृदा, पाचवं यादीत धरलं. आतापर्यंत ‘काय दिसलं तर मत बदलेन’ हे वाक्य कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून माझ्यापासून सुरुवात करतो. विधान २ बाबत: मोजायची एकच गोष्ट आधी जाहीर करून, प्रत्येक गटात किमान १५६० रुग्ण घेऊन, दोन वेगळ्या चमूंनी केलेल्या प्रयोगांत एकाच दिशेने फरक आला, तर मी ‘नाही’वरून ‘माहीत नाही’वर येईन. ‘आहे’वर येणार नाही, लायबोविचींचं उदाहरण समोर आहे.

दीपशिखा

विधान १ बाबत माझं: उपाधीच्या आक्षेपाला नैयायिकांचं उत्तर टिकत नाही हे मला कोणी दाखवलं, तर अनुमानाने ईश्वर सिद्ध होतो हा दावा मी सोडेन आणि शब्दप्रामाण्यापुरतीच, म्हणजे शास्त्रवचन प्रमाण मानण्यापुरतीच, राहीन. मृदा, ‘शरीर हे विशेषण व्यर्थ आहे’ यावर तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. लाल लोखंडाचा गोळा मला समजला. कर्तेपण म्हणजे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न एवढंच, या व्याख्येला तो कसा लागू होतो ते लिहा.